कोल्हापूरचा सिनेमा एका दालनात मांडायचा तर काय ठेवावं, काय टाळावं?

पेठकर
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात गावाच्या सिनेमाशी असलेल्या नात्यावर एक दालन करायचं घाटतं आहे. खोली तीस फूट बाय अठरा फूट, दार एकच, पश्चिमेला दोन खिडक्या. साहित्य असं: चाळीसेक जुनी छायाचित्रं (बहुतेकांच्या मागे काहीच लिहिलेलं नाही), गाण्यांच्या पुस्तिका, सहा पोस्टर (त्यातली दोन घड्यांवर फाटलेली), गंजलेल्या झाकणांचे ३५ मिमीचे चार डबे, १६ मिमीचं एक रीळ, कार्बन आर्कचा (कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीच्या उजेडावर चालणारा) एक प्रोजेक्टर आणि थेटरात मध्यंतराला दाखवायच्या जाहिरातींच्या काचेच्या स्लाइड.

प्रश्न दोन. एक, यातलं काय थेट मांडावं आणि कशाची नक्कल ठेवावी? दोन, दालनाचा विषय नट-नट्या असावा की कारखाना? माझं मत कारखान्याच्या बाजूने आहे. बाबूराव पेंटर, दामले, फत्तेलाल ही मंडळी आधी रंगारी, सुतारकाम-यंत्रकाम जाणणारी होती, आणि इथला सिनेमा त्यांच्या हातातून आला. ते भिंतीवर दिसलं पाहिजे.

रीळ_बारा
बाकी सगळं नंतर. ते चार डबे उघडू नका, हलवू नका, आणि ज्या खोलीत आहेत तिथे उदबत्ती, हीटर, सैल वायरिंग काही नको.

३५ मिमीची १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची फिल्म नायट्रेटची, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट या ज्वालाग्राही प्लास्टिकची, असण्याची दाट शक्यता असते. नायट्रेट जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवते. म्हणून ती पाण्याखाली जळते, वाळूखाली जळते, कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला दाद देत नाही, आणि धूर विषारी असतो. सडत चाललेली नायट्रेट बंद डब्यात दीर्घकाळ ४१ अंश सेल्सियसच्या आसपास राहिली तरी आपोआप पेटू शकते. पत्र्याच्या छपराखालचा माळा मे महिन्यात तेवढा तापतोच.

सडण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी चित्र पिवळट-तपकिरी होतं आणि उग्र वास येतो. मग थर चिकट होऊन वेटोळी एकमेकांना धरतात. मग फेस आणि मधासारखे थेंब, मग एकच घट्ट गोळा, शेवटी तपकिरी भुकटी. झाकणाला आतून गंज चढला असेल तर बाहेर पडणाऱ्या आम्लाने तो चढवला असण्याची शक्यता मोठी.

ही फिल्म साठवायला पेट्रोलियम कायद्याखालचे १९४८ चे स्वतंत्र नियम आहेत, परवाना लागतो. संग्रहालयाच्या खोलीत ती ठेवताच येणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहा (ते आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं आहे) आणि ओळख पटवण्याचं काम त्यांच्या माणसाला करू द्या.

उजेड
पश्चिमेच्या खिडक्या बंद. पडदा नव्हे, आतून पूर्ण प्लाय. पुढचं सविस्तर लिहिते.

फिरती_तिकीटखिडकी
@पेठकर, कारखाना ठीक आहे, पण लोक चेहरे बघायला येतात. शांतारामबापू, मास्टर विनायक, दुर्गा खोटे, भालजी, बाबूराव पेंढारकर यांचे मोठे फोटो दारातच दिसले नाहीत तर शाळेची सहल पाच मिनिटांत बाहेर पडेल. लेथ मशीन बघायला कोण थांबतं?

नोंदवही
चेहरे हवेत की नकोत याआधी ते कोणाचे आणि कोणत्या चित्रपटातले हे नक्की करावं लागेल. कोल्हापूरच्या बाबतीत एक खास अडचण आहे: एकाच नावाचे दोन-दोन चित्रपट.

'सैरंध्री' १९२० चा बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा मूकपट, आणि त्याच नावाचा प्रभात या चित्रपट कंपनीचा १९३३ चा बोलपट, ज्याच्या रंगीत प्रती जर्मनीत काढल्या होत्या. 'सिंहगड' १९२३ चा बाबूरावांचा मूकपट, आणि १९३३ चा प्रभातचा बोलपट. 'सावकारी पाश' १९२५ चा मूकपट, आणि बाबूरावांनीच पुन्हा केलेला १९३६ चा बोलपट. जुन्या मासिकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि आता समाजमाध्यमांवर या जोड्यांतली छायाचित्रं सर्रास एकमेकांच्या नावावर खपतात. विशेषतः १९३६ चं चित्र १९२५ चं म्हणून. १९२५ च्या चित्रपटाची पूर्ण प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे ताडून बघायला पडद्यावरचा पुरावाही हाताशी नसतो.

ओळखायचं कसं? आधी कागद बघा, चेहरा नंतर. पाठीमागे स्टुडिओचा किंवा छायाचित्रकाराचा शिक्का आहे का, कागदावर उत्पादकाचं नाव छापलं आहे का, कडा कापलेल्या आहेत की मूळच्या. पेन्सिलीने लिहिलेला आकडा असेल तर तो पुसू नका, चित्रणाच्या क्रमाचा असू शकतो. मग नटवर्ग: १९२५ च्या चित्रपटात तरुण शेतकरी शांताराम आहेत, त्यामुळे तो चेहरा दिसला तर दिशा मिळते. मग नेपथ्य. आणि तरीही खात्री नसेल तर मथळ्यात 'चित्रपट अनिश्चित' एवढंच लिहा. अंदाज छापला की दहा वर्षांत तोच पुरावा म्हणून उद्धृत होतो.

कागदकाम
नोंदवही यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात हातकामाची भर.

छायाचित्र कडेने धरायचं, हातात नायट्राइलचे मोजे. पाठीमागे आपला नोंदणी क्रमांक लिहायचा तर मऊ बी किंवा टूबी पेन्सिलीने, कोपऱ्यात, चित्र कठीण पृष्ठभागावर पालथं ठेवून आणि जोर न देता. बॉलपेन नको, त्याचा उठाव समोरून दिसतो. पाकिटं पॉलिएस्टरची किंवा आम्लमुक्त कागदाची. स्टेशनरीच्या दुकानातल्या पीव्हीसीच्या चकचकीत फोल्डरमधून क्लोरीनयुक्त आम्ल सुटतं आणि काही वर्षांत चित्र प्लास्टिकला चिकटतं.

गाण्यांच्या पुस्तिकांचा पहिला शत्रू म्हणजे मधली तार. गंजून ती कागद खाते. पातळ पट्टीने टोकं उलटी उभी करून तार बाहेर काढा, ओढून नाही, आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. फाटलेल्या घडीला सेलोटेप कधीच नाही. जपानी कागदाची पट्टी कापायची नाही, पाण्याची रेघ ओढून फाडायची, म्हणजे तंतू बाहेर राहतात आणि जोड दिसत नाही. ती गव्हाच्या स्टार्चच्या खळीने पाठीमागून लावायची. खळ दाट हवी. पातळ खळीने कागद फुगतो आणि सुकताना सुरकुततो. आधी शाईचा एक ठिपका ओलसर कापसाने तपासा. पोस्टरवरचा लाल आणि जांभळा बऱ्याचदा पाण्याला सुटतो.

आणि लॅमिनेशन नको. 'टिकेल' म्हणून लॅमिनेट केलेलं पोस्टर म्हणजे गमावलेलं पोस्टर, कारण ती उष्णतेने बसवलेली चिकट थराची पिशवी कागदापासून परत वेगळी होत नाही.

उजेड
आता प्रकाशाचं गणित. जुन्या रंगीत छपाईचं पोस्टर, हाताने रंगवलेलं छायाचित्र, पुस्तिकेचं रंगीत मुखपृष्ठ या सगळ्यात संवेदनशील वस्तू. त्यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. पण नुसते ५० लक्स म्हणून थांबू नये, कारण नुकसान तीव्रता गुणिले वेळ असं साठत जातं. अतिसंवेदनशील वस्तूला वर्षभरात १५,००० लक्स-तास ही मर्यादा धरतात. दिवसाला आठ तास ५० लक्स म्हणजे ४०० लक्स-तास. म्हणजे मूळ पोस्टर वर्षातून साधारण ३७ दिवसच मांडता येतं. उरलेला काळ अंधाऱ्या कपाटात.

म्हणून सहा पोस्टरांपैकी एका वेळी एकच मूळ, बाकी पाच उत्तम नकला. मूळच्या जागी 'मूळ' आणि नकलेच्या जागी 'प्रतिकृती' असं स्वच्छ लिहा. वर्षभरात सहा मूळ पोस्टरं फिरली की 'या महिन्याचं मूळ' हेच लोकांना पुन्हा यायला कारण होतं.

५० लक्स म्हणजे अंधार वाटेल. उपाय दिवा वाढवणं नाही, बाकीची खोली उतरवणं आहे. भिंती गडद, मॅट, आणि दारातून आत आल्यावर पहिले सहा-आठ फूट काहीच न मांडता मंद उजेडाचा पट्टा, म्हणजे डोळा सरावतो. लक्स मीटर खरा घ्या. फोनच्या ॲपवर भरवसा नको, दोन फोन एकाच जागी दोन आकडे देतात.

रंकाळा_काठ
पावसाळ्याचं काय? कोल्हापुरात जूनपासून चार महिने भिंतीला ओल धरते.

कागदकाम
@रंकाळा_काठ, तोच मोठा धोका. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी, आणि पाठोपाठ कसर. दिवसा एसी चालवून रात्री बंद करणं सगळ्यात वाईट. थंड झालेल्या काचेवर आणि कागदावर रात्रीची दमट हवा येऊन बसते. रात्री बंदच करणार असाल तर एसी लावू नका. पंखा आणि चोवीस तास चालणारं आर्द्रताशोषक यंत्र बरं.

काचपेट्या घट्ट बंद होणाऱ्या असतील तर खाली सिलिका जेल. प्रमाण घनमीटरला सुमारे २० किलो. लोक चपलांच्या खोक्यातल्या चार पुड्या टाकतात, त्याने काहीच होत नाही. निळं जेल नको, त्यात कोबाल्ट असतं, ते आरोग्याला घातक. नारिंगी घ्या. भिजलं की ११०-१२० अंशावर भट्टीत वाळवून परत वापरा. आणि कोणतीही चौकट बाहेरच्या भिंतीला टेकवून लावू नका. मागे निदान इंचभर हवा खेळली पाहिजे, आणि चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये आम्लमुक्त माउंट.

फिरती_तिकीटखिडकी
सगळं पटलं, पण अजून कोणी माझ्या मुद्द्याला उत्तर दिलं नाही. सहल थांबेल कशी?

हातकॅमेरा
@फिरती_तिकीटखिडकी, हाताला काम दिलं तर. चेहऱ्यांचा फोटो दोन सेकंदांत बघून होतो. कारखाना हा बघायचा नाही, करून बघायचा विषय आहे. दोन मांडण्या सुचवतो, दोन्ही इथल्याच सुतार-फॅब्रिकेशनवाल्याकडून होतील.

पहिली, हँडलचा कॅमेरा. मूकपटाच्या कॅमेऱ्याचं हँडल एकदा फिरवलं की आठ चौकटी पुढे जातात, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी कॅमेरा इथेच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले आणि बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने तो पुरा केला. त्यातला अवघड भाग भिंग नव्हतं, पट्टी थांबत-थांबत पुढे नेणारा नखा होता: पट्टी सेकंदात सोळा वेळा ओढायची, सोळा वेळा पूर्ण स्थिर करायची आणि ओढताना झडप मिटलेली हवी. लाकडी खोक्यात एक नखा, एक अर्धगोल झडप, ३५ मिमीच्या कोऱ्या पट्टीचं बंद वेटोळं आणि एका बाजूला पारदर्शक ॲक्रिलिक. शेजारी मिनिटाला १२० ठोके देणारा मेट्रोनोम, ठोक्याला एक फेरा. मुलाने हात सोडला, घाईने फिरवला, थबकला की काय होतं ते पलीकडच्या छोट्या पडद्यावर दिसलं पाहिजे: घाईने फिरवलेलं चित्र मंद चालतं, रेंगाळून फिरवलेलं धावतं. हँडलच्या आसाला एक स्वस्त एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) लावला की संगणक ते दाखवतो.

काय बिघडतं तेही सांगतो. मुलं हँडल उलटं फिरवतात. आसावर एकदिशा बेअरिंग टाका. हँडलचा दांडा पितळी नको, पोलादी, आणि मूठ सैल फिरणारी, नाहीतर महिन्यात मनगटाच्या जोराने आटा जातो. वेटोळ्याची पट्टी पॉलिएस्टरची घ्या. ती तुटत नाही म्हणून नख्याला एक कमकुवत पिन ठेवा. अडकलं तर पिन तुटावी, यंत्रणा नाही.

दुसरी मांडणी, लाल रंगाची पेटी. मूकपटाच्या सुरुवातीच्या काळातली फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल काळं यायचं, निळं पांढरटायचं. म्हणून रंगारी माणसाला डोळ्यांना दिसणाऱ्या रंगात नाही, फिल्मला दिसणाऱ्या करड्या छटांत विचार करावा लागायचा. तीन फूट पेटी, आत पांढरा चेहरा, लाल कुंकू, लाल काठाची साडी, निळं आकाश रंगवलेला पडदा. एक बटण साध्या पांढऱ्या दिव्याचं, दुसरं निळ्या-हिरव्या एलईडीचं. दुसरं दाबलं की कुंकू काळं पडतं, काठ काळा होतो, आकाश उजळतं. तीन सेकंदांत कळतं की नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस सिनेमाला इतका उपयोगी का ठरला. एलईडी घेताना लाल घटक अजिबात नसलेला घ्या. 'कूल व्हाइट'वर निळा कागद लावून चालत नाही, लाल झिरपतं.

रीळ_बारा
लाल पेटी फार सुंदर कल्पना! पडद्यांचा धागा तिथेच जोडा. आनंदराव-बाबूराव केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श नाटक मंडळीचे पडदे रंगवत. तिथून महाराष्ट्र फिल्म कंपनीकडे आणि तिथून १ जून १९२९ ला सुरू झालेल्या प्रभातकडे सरळ रेघ जाते. भागीदार पाच: दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे चौघे पेंटरांच्याच कारखान्यातले, आणि भांडवल लावणारे सीताराम कुलकर्णी.

पेठकर
हातकॅमेरा, हे दोन्ही मी आराखड्यात घेतो आहे. आता प्रोजेक्टरबद्दल सांगा. मोटर लावून चालू स्थितीत दाखवावा असा आग्रह आहे.

जुना_प्रोजेक्टर
चालू करू नका. कारणं अशी.

कार्बन आर्कच्या दिवाघरात आतून आणि तारांभोवती ॲस्बेस्टस असण्याची शक्यता मोठी आहे. झाकण उघडून फडक्याने पुसलं की तंतू हवेत. जाणकाराकडून तपासून, सील करून मगच प्रेक्षकांसमोर. सोबत जुना रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारं यंत्र) असेल आणि त्यात काचेचा मोठा फुगा दिसला तर तो पाऱ्याचा असू शकतो. तो फुटू देऊ नका, वेगळा काढून नीट बंदिस्त ठेवा. आर्कचा उजेड अतिनील असतो, उघड्या डोळ्यांना घातक. आणि वाळून चिकट झालेल्या तेलावर मोटर फिरवली की माल्टीज क्रॉसचे (पट्टी थांबवत-थांबवत पुढे ढकलणाऱ्या चाकाचे) खाचे झिजतात. ते सुटे भाग आता मिळत नाहीत.

बंद प्रोजेक्टरसुद्धा बोलका करता येतो. एक बाजू उघडी ठेवून कोरी पट्टी योग्य वाटेने ओवा: वरचा डबा, वरचं दातेरी चाक, वरचा फास, गेट (पट्टी भिंगासमोर थांबते ती जागा), खालचा फास, मधलं चाक, मग ध्वनिमुख (पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग), खालचा डबा. फास का सोडतात हे दाखवणं महत्त्वाचं. गेटमध्ये पट्टी थांबत-थांबत जाते आणि चाकं सतत फिरतात, मधला ढिला फास तो धक्का गिळतो. फास नसेल तर छिद्रं फाटतात. आणि बोलपटात आवाज चित्राच्या २० चौकटी पुढे छापलेला असतो, कारण ध्वनिमुख गेटच्या खाली असतं. पट्टीवर लाल धाग्याने चौकट आणि तिचा आवाज या दोन जागा बांधून दाखवा. १९३१-३२ मध्ये मूकपटाकडून बोलपटाकडे जाताना प्रभातला काय शिकावं लागलं, ते या एका धाग्याने समजतं.

पितळ ब्रासोने घासू नका. मूळ काळपट थर गेला की यंत्राचं वय गेलं.

चोवीस_चौकटी
मूकपटाचा कुठलाही तुकडा पडद्यावर दाखवणार असाल तर वेग सांभाळा. ३५ मिमीच्या फुटात १६ चौकटी. १००० फुटांचं रीळ १६ च्या वेगाने १६ मिनिटं ४० सेकंद, २४ च्या वेगाने ११ मिनिटं. सोळाने टिपलेलं चोवीसने दाखवलं की माणसं दीडपट वेगाने पळतात आणि लोक हसतात. डिजिटल प्रतीत दर दोन चौकटींच्या तीन करून, म्हणजे दर दुसरी चौकट दोनदा ठेवून, चाल सरळ होते. कॅमेरा हाताने फिरायचा म्हणून नेमका वेग प्रसंगागणिक बदलतो. १६, १८, २० करून चालण्याकडे आणि पडणाऱ्या पाण्याकडे बघा. चालणं फसवतं, पडतं पाणी फसवत नाही.

नोंदवही
हक्कांबद्दल कोणी विचारलं नाही म्हणून लिहिते. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे मूकपट आणि प्रभातचे तीसच्या दशकातले बोलपट हक्कातून मुक्त आहेत. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तो वेगळा तपासावा लागतो. आणि हक्क संपला म्हणून प्रत फुकट मिळते असं नाही. ज्याच्याकडे चांगली प्रत आहे तो तिचं शुल्क आणि अटी सांगू शकतो. करारात 'दालनात सतत प्रदर्शन' असं स्पष्ट लिहून घ्या. 'एक प्रदर्शन' असं लिहिलं तर अर्थ एका खेळाचा निघतो.

रंकाळा_काठ
मथळ्यांत 'भारतातला पहिला', 'मराठीतला पहिला' असं किती ठिकाणी लिहिणार? कोल्हापूरकरांना ते आवडतं.

नोंदवही
जिथे अट जोडता येते तिथेच. नुसतं 'पहिला' लिहिलं की कोणीतरी पुरावा घेऊन येतो आणि सगळ्या दालनावरचा विश्वास जातो. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनेचंच बघा, कुठे १९१७ तर कुठे १९१८. मथळ्यात '१९१७-१८' लिहा आणि खालच्या छोट्या ओळीत दोन्ही सालं छापलेली आढळतात असं सांगा. 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, कोल्हापुरात बनलेला, मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या बोलपटांतला, इतकं पुरेसं वजनदार आहे. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, तो प्रसंग 'सैरंध्री'नंतरचा. चित्रपट १९२० चा आणि टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले, म्हणजे काळ आपोआप काही महिन्यांत बांधला जातो. असं बांधता येतं तिथे बांधावं.

तानीबाई कागलकरांना विसरू नका. महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा लावणारी ती गायिका होती. तिच्या आणि 'सैरंध्री'त काम करणाऱ्या गुलाबबाई, अनसूयाबाई यांच्या मथळ्यांना कोपरा नको, मधली भिंत हवी. त्या काळी सिनेमात काम करणाऱ्या बाईला काय सोसावं लागत असे हे आजच्या मुलींना कळायला हवं.

फिरती_तिकीटखिडकी
हे मात्र मनापासून पटलं. चेहरे लावायचेच तर हेच चेहरे दारात लावा. शांतारामबापू सगळ्यांना माहीत आहेत.

कागदकाम
मथळ्याची लांबी पन्नास ते सत्तर शब्द. देवनागरीत वर-खाली मात्रा असतात म्हणून अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि ओळींमधली जागा दीडपट. चाकाच्या खुर्चीवरून वाचता यावं म्हणून मथळ्याचा मध्य जमिनीपासून १२० सेंटिमीटरच्या आसपास. काचेवर अक्षरं चिकटवू नका, सावली मागच्या कागदावर पडते आणि दोन-दोन दिसतात.

जुना_प्रोजेक्टर
काचेच्या स्लाइडचं राहिलं. त्या सपाट रचू नका, खालची तडकते. उभ्या, कडेवर, प्रत्येकीला वेगळं कागदी पाकीट. रंग हाताने भरलेला असेल तर ओला कपडाही नको, फक्त मऊ ब्रशने कडेची धूळ. दाखवताना मागे एलईडीची थंड पाटी लावा, आणि तिला बटण ठेवा. दाबल्यावर वीस सेकंद उजळून विझावी. दिवसभर पेटती पाटी ठेवली तर वरच्या लक्सच्या हिशेबाला अर्थ उरत नाही.

रीळ_बारा
१६ मिमीच्या रिळाबद्दल. ते सुरुवातीपासून सेफ्टी पायावरच, म्हणजे सहज न पेटणाऱ्या ॲसिटेटसारख्या प्लास्टिकवर, बनलं, त्यामुळे नायट्रेटची भीती नाही. पण व्हिनेगरचा वास येतो का बघा. येत असेल तर ॲसिटेट सडू लागलं आहे आणि ते बाकीच्यांना लावतं. वेगळ्या खोलीत, छिद्रं असलेल्या डब्यात, कधीही हवाबंद पिशवीत नाही. मोजायला ए-डी स्ट्रिप (आम्लाने रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या) मिळतात. डब्यात ठेवायच्या, निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर घाई करा, पिवळी झाली तर लगेच स्कॅन. आक्रसणं एक टक्क्याच्या पुढे गेलं की साधा प्रोजेक्टर छिद्रं फाडतो, तेव्हा 'एकदा लावून बघू' हे नको. थेट चौकट-चौकट स्कॅनर.

३५ च्या डब्यांत कडेवर 'सेफ्टी' किंवा 'नायट्रेट' अशी इंग्रजी अक्षरं सापडली तरी घाईने निष्कर्ष नको. छापील प्रतीवर ती अक्षरं काळी असतील तर ती त्याच फिल्मची. पारदर्शक असतील तर मूळ निगेटिव्हवरून उतरलेली, आणि हातातली प्रत वेगळ्या पायाची असू शकते.

पेठकर
डबे जागेवरच ठेवले आहेत, खोली बंद केली आहे, पुण्याला पत्र जातं आहे. मग दालनात रीळ म्हणून काहीच ठेवायचं नाही का? रिकामी जागा कशी भरू?

हातकॅमेरा
रिकामी जागाच मांडा. खरं तर हाच या गावाचा इतिहास आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीचं फारच थोडं उरलं. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळला, 'मीठभाकर' चित्रपट पुन्हा उभा करावा लागला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापुरात खासबागेशेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं.

एक भिंत घ्या. त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी, प्रभातचा १९३३ पर्यंतचा कोल्हापूरचा काळ, हंस पिक्चर्स, जयप्रभा अशा क्रमाने चित्रपटांच्या नावांच्या आडव्या पट्ट्या लावा, प्रत्येक पट्टीची लांबी चित्रपट किती उरला त्यानुसार: पूर्ण उरला तर पूर्ण पट्टी, तुकडा उरला तर तेवढीच, काहीच नाही तर फक्त नाव. पट्ट्या चुंबकी ठेवा. उद्या कुठल्या माळ्यावर डबा सापडला तर पट्टी लांबवता आली पाहिजे.

नोंदवही
आणि त्या भिंतीखाली एक टेबल, एक वही. घरात जुना डबा, फोटो, पुस्तिका असेल तर इथे लिहा, डबा घेऊन येऊ नका, आम्ही येऊ. हे दुसरं वाक्य मोठ्या अक्षरात. नाहीतर पहिल्याच रविवारी कोणीतरी नायट्रेट पिशवीत घालून बसने येईल.

वस्तू घेताना दानपत्र की तात्पुरती उसनवारी हे त्याच दिवशी कागदावर. उसनवारीला तारीख, स्थितीची नोंद, चारही बाजूंचे फोटो. मुलाखती घेणार असाल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, आणि संमतिपत्र. विचारायचं ते नटांबद्दल नाही. नेपथ्याचे सुतार, शिंपी, रंगारी, लढाईच्या प्रसंगात उभे राहिलेले तालमीतले मल्ल, घोडेवाले यांच्या घरात कोण होतं, कोणत्या हत्याराने काम करायचं, रोज किती मिळायचा. ही नावं श्रेयनामावलीत कधी आली नाहीत. ज्यांना माहीत आहेत ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. दालनाआधी मुलाखती सुरू करा.

फिरती_तिकीटखिडकी
मल्लांची यादी झाली तर मी सहलींची जबाबदारी घेतो. मुलं आपल्या आजोबांच्या तालमीचं नाव शोधत उभी राहतील.

उजेड
@पेठकर, उद्घाटन कधी? पावसाळ्यात रंग आणि प्लाय नको. ताजा प्लाय आणि ताजा रंग दोन्हींतून आम्लाची वाफ सुटते, बंद काचपेटीत ती कोंडते आणि छायाचित्रांची चांदी काळवंडते. पेट्या तयार झाल्यावर निदान चार आठवडे उघड्या ठेवा, मगच मूळ वस्तू आत. प्लायला आतून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं अस्तर लावलं तर आणखी चांगलं.

पेठकर
मग सुतारकाम ऑक्टोबरात, पेट्या नोव्हेंबरभर उघड्या, मांडणी डिसेंबरात. मुलाखती या आठवड्यापासून. हातकॅमेरा, नख्याचं मापाचं रेखाचित्र असेल तर इथेच टाका. फॅब्रिकेशनवाला छिद्रांमधलं अंतर विचारतो आहे.

हातकॅमेरा
पॉझिटिव्ह पट्टीला ४.७५ मिमी, चौकटीला चार छिद्रं, म्हणजे एका ओढीला १९ मिमी. नखा १९ ला नेमका थांबला पाहिजे. ओढ पाव मिमीने कमी-जास्त झाली तरी दहा फेऱ्यांत नखा छिद्राची कड फाडायला लागतो. रेखाचित्र रात्री टाकतो.